मावशीचा विठू आणि इतर दुर्मिळ पक्षी

मावशीला पेंग्विन दाखवायला राणीच्या बागेत नेलं तेव्हा तिला अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं आणि पेंग्विनांबद्दलचं तिचं मत बनूनही गेलं होतं. "थंडीतली पाखरं ती, भायखळ्याला आणून कोणाचं भलं झालं?" हे ती गिरगावात टॅक्सीत बसल्यापासून म्हणत होती. मी माझं वाचन कामी आणलं. म्हटलं, मावशी, हे बर्फातले पेंग्विन नव्हेत. ही हम्बोल्ट जात. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतात, पेरू आणि चिलीत. तिथे बर्फ नाही, उलट वाळवंट आहे. फक्त किनाऱ्याला लागून समुद्रात एक गार प्रवाह वाहतो, त्याच्यावर यांचा सगळा संसार. मावशीने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेरूचे म्हणजे अलाहाबादी की लखनवी?"

दिवस मे महिन्याचे होते. काचेच्या अलीकडे घामाघूम पब्लिक आणि पलीकडे सोळा-अठरा अंशांत ते. मावशीने काचेला तळहात लावून गारवा पाहिला, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि आपल्या खोलीतला पंखा किती दिवस कुरकुरतोय याची मला आठवण करून दिली.

२०१६ च्या जुलैत सोलहून आठ पेंग्विन मुंबईत उतरले. ऑक्टोबरात त्यांतला एक गेला. उरलेले सात पुढच्या मार्चमध्ये लोकांना पाहायला मिळाले, आणि पाहण्याच्या आधी नि पाहून झाल्यावर मुंबईकर त्यांच्यावरून यथेच्छ भांडले. २०१८ च्या १५ ऑगस्टला एक पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. भारतात जन्मलेलं ते पहिलं पेंग्विन. आठवडाभर जगलं. नंतरची काही मात्र तगली, वाढली, आणि बागेतला गोतावळा मोठा झाला. हे सगळं मी मावशीला कानात सांगत होतो. ती ऐकत नव्हती. ती मागच्या दाराकडे बघत होती.

त्या दारातून एक माणूस आत आला होता. पायांत गमबूट, हातात मासळीची बादली. तो दिसताच इतका वेळ दगडावर पुतळ्यासारखे उभे असलेले सगळे पेंग्विन त्याच्याकडे लगबगीने निघाले. कोणी त्याच्या बुटावर चोच मारली, कोणी दुसऱ्याला ढकललं. तो एकेकाला मासा देत होता, तोही डोक्याकडून, म्हणजे कल्ले-काटे घशात अडकू नयेत. आणि कोणाचं झालं, कोणाचं राहिलं, याचा मनाशी हिशेब ठेवत होता. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या चेहऱ्यावर असतो तसा भाव. बादली रिकामी झाली तसा तो वळला आणि ओल्या फरशीवरून दाराकडे चालू लागला. मागून दोन पेंग्विन.

"हा पण डुलतोय की रे त्यांच्यासारखा," मावशी म्हणाली.

"बुटांमुळे असेल. फरशी ओली आहे."

"असेल," मावशी म्हणाली. माझं म्हणणं तिने स्वीकारलेलं नाही हे त्या 'असेल'वरून कळत होतं. मग थोड्या वेळाने, "मला विठू आठवला."

विठू म्हणजे मावशीचा पोपट. आपल्या रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं आता कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असावा हे मावशीलाही मान्य आहे. पण मी सांगतोय तो काळ चाळीच्या प्रत्येक गॅलरीत एक तुळस, एक पिंप आणि एक पिंजरा असण्याचा होता. विठू मिरची खायचा ती फक्त मावशीच्या हातून. काकांनी दिलेली मिरची तो चोचीत धरायचा, काकांकडे नीट बघायचा आणि खाली टाकायचा. दुपारी एक ते तीन त्याची झोप, त्या वेळात घरात पाटा-वरवंटा बंद. मावशी कुठे राहायला निघाली की त्याला आधी दोन दिवस वास लागायचा आणि तो दाणा सोडायचा. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, डोहाळजेवणालासुद्धा ती सकाळच्या गाडीने पुण्याला आली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. अकरा वर्षं हे असं चाललं. काका म्हणायचे, "लोक पोपट पाळतात. आमच्याकडे उलट आहे." विठूला 'चहा ठेव' म्हणता यायचं. आणि त्याच्याशी बोलून बोलून मावशीला शीळ घालता यायला लागली होती. जिना चढून येणाऱ्याला आतून 'चहा ठेव' ऐकू यायचं, पाठोपाठ एक लांब शीळ. यातलं कोण कोणतं, हे नव्या माणसाला सांगावं लागायचं.

राणीच्या बागेतून आल्यावर मला एक नाद लागला. दुर्मिळ पक्षी पाळणाऱ्यांबद्दल मिळेल ते वाचायचं, पण वाचताना नजर पक्ष्यापेक्षा पाळणाऱ्यावर ठेवायची.

सुरुवात बादशहापासून करू, मान त्याचा. जहांगीरला पशुपक्ष्यांचं वेड होतं. दारू आणि अफू यांतून वेळ उरे तो बहुतेक तिकडे जायचा. १६१२ साली त्याचा मुकर्रब खान नावाचा विश्वासू सरदार गोव्याहून परतला. बादशहाचा हुकूम होता की पोर्तुगिजांच्या बंदरात जे जे चमत्कारिक दिसेल ते घेऊन ये, पैशाकडे बघू नको. सरकारी खर्चाने गोव्याला जाऊन खरेदी करून येणं, एवढं सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं. त्याने आणलेल्या वस्तूंत एक पक्षी होता. मोरासारखा पिसारा फुलवायचा, पण मोर नव्हता. पाय कोंबड्याचे. मानेचा नि गळ्याचा रंग घटकेत लाल, घटकेत पांढरा, घटकेत निळसर. बादशहा चकित झाला. आपल्या आठवणींत त्याने त्या पक्ष्याचं इतकं बारकाईने वर्णन केलंय की आजही वाचणाऱ्याला तो ओळखता येतो. तो टर्की होता. नाताळात भाजून खातात तोच.

या टर्कीची गंमत अशी की तो मूळचा मेक्सिकोकडचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांनीही हिंदुस्थानावरच ढकललं. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. म्हणजे हा कुठला, असं विचारल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवलं. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आणि आपण पेरू कशाला म्हणतो ते बघ."

आपले पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णनं लिहिली पण चित्रं काढून घेतली नाहीत, ही जहांगीरला उणीव वाटायची. म्हणून त्याने चित्रकारांना कामाला लावलं. त्यांतला उस्ताद मन्सूर हा पक्ष्यांचा खरा दर्दी. त्याने काढलेला टर्की आज लंडनच्या संग्रहालयात आहे. डोडोचं एक रंगीत चित्रही त्याच्याच नावावर सांगतात, ते सेंट पीटर्सबर्गला आहे. मॉरिशसचा डोडो मोगलांच्या चिताऱ्यापुढे कसा आला, असं कोणी विचारेल. तर पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने त्याच सुमारास सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. सुरत म्हटलं की आपल्याला वेगळंच काहीतरी आठवतं. १६६४ मध्ये महाराज तिथे पोचले तोवर ते डोडो उरले नसावेत, नाहीतर बखरकाराने त्यांची गणती रोकड-जवाहिरात केली असती.

पण मला जहांगीर आवडतो तो टर्कीमुळे नव्हे, सारसांमुळे. त्याच्याकडे सारसांची एक जोडी होती, लहानपणापासून वाढवलेली. नावं लैला आणि मजनू. एके दिवशी राखणदार खोजाने येऊन वर्दी दिली की लैला-मजनूंचा समागम झाला. बादशहाने हुकूम सोडला की पुन्हा तशी चिन्हं दिसली तर मला ताबडतोब कळवायचं. खोजा आला तो ऐन पहाटे, आणि हिंदुस्थानचा बादशहा अंथरुणातून उठून धावत पाहायला गेला. पुढे अंडी झाली. मग लैला रात्रभर कशी बसते, मजनू जवळ कसा पहारा देतो, एकदा मुंगसासारखं जनावर आलं तेव्हा मजनू त्याच्या अंगावर कसा धावून गेला, हे सगळं त्याने टिपून ठेवलं. ज्याच्या मर्जीसाठी सुभेदार ताटकळत उभे, तो माणूस दोन पाखरांच्या मर्जीवर पहाटे उठतोय. काकांना हे ऐकायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं.

आता मुंबईकडे येऊ. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ सालची. १८९४ मध्ये कारवारहून एका सभासदाने सोसायटीला तीन महिन्यांचं एक पिल्लू भेट पाठवलं. मोठा धनेश. डोक्यावर शिरस्त्राण, पिवळी भली थोरली चोच, उडताना पंखांचा आगगाडीसारखा आवाज. त्याचं नाव ठेवलं विल्यम. सोसायटीची जागा तेव्हा अपोलो स्ट्रीटवर होती. तिथे मानद चिटणिसांच्या खुर्चीमागे विल्यमचा पिंजरा. आधी फिप्सन चिटणीस होते, १९०६ पासून मिलार्ड. दोघांनी जो काही पत्रव्यवहार केला तो पाठीमागून रोखलेल्या एका नजरेखाली.

विल्यमचा आहार ऐकण्यासारखा आहे. केळी आणि उंबरासारखी रानफळं हे झालं सात्त्विक. शिवाय जिवंत उंदीर, विंचू, कच्चं मांस. पाणी पीत नसे आणि आंघोळीच्या भानगडीतही पडत नसे. तीसेक फुटांवरून टेनिसचा चेंडू फेकला तर तो चोचीत अचूक झेलायचा. एकदा एक पेटती सिगार त्याने गिळली. काही झालं नाही. मला या प्रसंगात सिगारवाल्याची चिंता वाटते. सोसायटीचा कोणी प्रतिष्ठित सभासद, तोंडात महागडी सिगार, बोलता बोलता जरा जवळ सरकला असेल आणि पुढच्या क्षणी वाक्य अर्धं, सिगार गायब. सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा तो निबंध मग त्याने कसा पुरा केला असेल?

विल्यम सव्वीस वर्षं तिथे राहिला. १९०८ मध्ये पिवळ्या गळ्याची एक मेलेली चिमणी घेऊन बारा वर्षांचा एक मुलगा मिलार्डसाहेबांकडे भीत भीत गेला. त्याचं नाव सालिम अली. त्या भेटीचं पुढे काय झालं ते आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. विल्यम त्या वेळी तिथेच होता, चौदा वर्षांचा, हे मात्र पुस्तकात नसतं. १९२० मध्ये तो गेला. तारेचा तुकडा गिळल्याने, असं सांगतात. पेटती सिगार पचली आणि तार नाही पचली.

विल्यमच्या गोष्टीत एक गोष्ट मला टोचते, आणि ती हसता हसता टोचते म्हणून जास्त टोचते. धनेश हा जोडीने राहणारा पक्षी. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरून दार आतून लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि आठवडेच्या आठवडे नर त्या फटीतून तिला भरवत राहतो. उंबराचं एकेक फळ गळ्यातून वर काढायचं आणि द्यायचं. विल्यम सव्वीस वर्षांत किती टेनिसचे चेंडू झेलून बसला असेल? झेललेला चेंडू द्यायचा कोणाला, हा प्रश्न त्याला पडत नसेल असं मी धरून चालतो.

माणसं त्याच्यावर जीव लावून होती यात शंका नाही. पण कोणी त्याच्यासाठी पक्षी व्हायला गेलं नाही. तोच आपला थोडा साहेब झाला.

याहून वाईट म्हणजे गुलाबी डोक्याचं बदक. अंग तपकिरी आणि डोकं-मान खरोखरीच गुलाबी, जणू होळीला कोणी फक्त डोक्यावर रंग टाकून पळालं. बंगाल-बिहारकडच्या गवताळ तळ्यांतला हा पक्षी आधीच विरळा होता. त्याची शिकार झाली, तळी गेली. १९३५ मध्ये दरभंग्याकडे एक मारला गेला, त्यानंतर आपल्या देशात रानात खात्रीने पाहिल्याची नोंद नाही. तेव्हा काही बदकं फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये धनवंतांच्या खाजगी तळ्यांवर होती. इंग्लंडात आल्फ्रेड एझ्रा यांच्या फॉक्सवॉरन पार्कमधली तर फोटोतही आहेत. खायला भरपूर, पाणी स्वच्छ, भोवती हिरवळ. एकानेही अंडं घातलं नाही. त्यांना काय हवं होतं हे कोणाला कळलं नाही, आणि त्या काळी ते विचारायची पद्धतही नव्हती. दुर्मिळ पक्षी बाळगणं ही दुर्मिळ पोस्टाची तिकिटं बाळगण्यासारखीच गोष्ट होती. तिकीट अल्बममध्ये राहतं. पक्षी राहत नाही.

चित्र पालटलं ते एका नाचाने, आणि हा नाच मला इतका आवडतो की तो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवतो. घरचे आता थांबवतात.

अमेरिकेत व्हूपिंग क्रेन नावाचा पांढराशुभ्र क्रौंच आहे, माणसाएवढा उंच. १९४० च्या सुमारास जगात वीसेक उरले होते. त्यांतल्या पुढच्या पिढीची एक मादी, टेक्स, १९६७ मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या प्राणिसंग्रहालयात जन्मली. माणसांनीच वाढवली. पिल्लाने डोळे उघडल्यावर जो दिसेल तो आपला, हा पक्ष्यांचा हिशेब. त्यामुळे टेक्सची पक्की समजूत झाली की आपण माणूस आहोत. वयात आल्यावर तिला क्रौंच नर दाखवले. तिने ढुंकून पाहिलं नाही. तिला पुरुष आवडायचे, तेही काळ्या केसांचे. आता हिच्याकडून अंडं कसं मिळवायचं? आणि ते तर हवंच होतं, कारण तिच्या रक्तातला वंश दुसरीकडे शिल्लक नव्हता.

जॉर्ज आर्चिबाल्ड हा क्रौंचांचा अभ्यासक पुढे आला. केस काळे होते. विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावी त्याने एका मित्राबरोबर क्रौंचांसाठी एक संस्था काढली होती. १९७६ मध्ये टेक्स तिथे आली आणि आर्चिबाल्ड तिच्याबरोबर राहायला गेला. खरोखरच, एका शेडमध्ये. क्रौंच जोडीदाराला रिझवतात ते नाचून. हा नाचायचा. उड्या मारायचा, हात पंखांसारखे पसरायचा, वाकायचा, पुन्हा उडी. टेक्स समोर तेच करायची. दोघांनी मिळून घरटं बांधलं, गवताच्या काड्या आणून. नाचाने तिचं मन तयार झालं की सहकारी कृत्रिम रेतन करून घ्यायचे. एका वर्षी अंडं फळलं नाही. एका वर्षी पिल्लू बाहेर येता येता गेलं. असे एकेक उन्हाळे गेले. १९८२ मध्ये एक अंडं फळलं आणि त्यातून जी व्हिज नावाचं पिल्लू आलं.

आर्चिबाल्डला ही गोष्ट सांगायला अमेरिकेतल्या एका गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात बोलावलं, जॉनी कार्सनच्या. लोक पोट धरून हसत होते. मग त्याने सांगितलं की टेक्स गेली. नुकतीच, रात्री पिंजऱ्यात रॅकून शिरले होते. हसणारं सभागृह एकदम गप्प झालं म्हणतात. जी व्हिज पुढे कितीतरी पिल्लांचा बाप झाला आणि २०२१ मध्ये म्हातारपणी गेला.

मावशीला मी ही गोष्ट नाचासकट सांगितली. ती म्हणाली, "लग्न झालं होतं का त्याचं?" हो, म्हटलं. "मग बायकोला विचारायला हवं, घरी कधी नाचला का."

आर्चिबाल्ड नाचला म्हणून टेक्सला कळलं की माणूस आपला आहे. कॅलिफोर्नियाच्या काँडोरच्या बाबतीत नेमकं उलट नाटक करावं लागलं. हा पंख पसरले तर साडेनऊ फूट होणारा, गिधाडासारखा पक्षी. बंदुकीने मारलेल्या जनावरांच्या मांसातून शिशाचे कण पोटात जाऊन मरत होता, शिवाय थेट गोळ्या खाऊनही. १९८२ मध्ये बावीस उरले. तेव्हा भांडण जुंपलं. एक पक्ष म्हणाला, सगळे पकडून प्राणिसंग्रहालयात आणा आणि तिथे वाढवा. दुसरा म्हणाला, जायचे असतील तर मानाने आपल्या डोंगरात जाऊ द्या, पिंजऱ्यातला काँडोर हा काँडोरच नव्हे. मी त्या काळी तिथे असतो तर दुसऱ्या पक्षात गेलो असतो, भाषण ठोकलं असतं आणि चुकलो असतो. १९८७ मध्ये रानातला शेवटचा काँडोर पकडला. एकूण सत्तावीस झाले. आकाशात एकही नाही.

काँडोर एकच अंडं घालतो, पण ते काढून घेतलं तर पुन्हा घालतो. म्हणून अंडी काढून यंत्रात उबवली. पिल्लं आली. आता यांना माणूस आपला वाटता कामा नये, नाहीतर पुन्हा टेक्स. म्हणून प्राणिसंग्रहालयातल्या माणसांनी हाताची बाहुली केली, काँडोरच्या डोक्यामानेची. पडद्याआड बसायचं, आवाज करायचा नाही, बाहुली हातात घालून चोचीने पिल्लाला भरवायचं, तिच्याच चोचीने त्याचं अंग साफ करायचं, आगाऊपणा केला तर एक टोचणी द्यायची. शिकलेसवरलेले लोक दिवसचे दिवस उजव्या हाताने आई झालेले. १९९२ पासून पक्षी सोडायला लागले. पहिल्या पहिल्यांनी लाज आणली. माणसांच्या जवळ जायचे, इमारतींवर बसायचे. मग वडीलधारे काँडोर शेजारी ठेवून वळण लावलं. आज रानातले नि संग्रहालयांतले मिळून पाचशेच्या वर आहेत.

आणि त्यांतले पंधरा-वीस २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका गावात एका बाईंच्या घराच्या लाकडी सज्जावर उतरले. कुंड्या पाडल्या, जाळीचं दार फाडलं, सगळीकडे घाण केली आणि कठड्यावर रांगेने बसून राहिले. सरकारी वन्यजीव खात्याने सल्ला दिला की त्यांना इजा करू नका, पण ओरडा, टाळ्या वाजवा, पाण्याचा फवारा मारा. म्हणजे माणसाने इतकी वर्षं तोंडातून शब्द न काढता त्यांना वाढवलं ते आता टाळ्या वाजवून हुसकावण्यासाठी. सोसायटीच्या गच्चीत कबुतरं हाकलणाऱ्या आपल्या काकूंना हे काम कोणी शिकवायला नको होतं.

एवढं अमेरिकेचं सांगितलं ते आपल्या माळढोकाकडे यायचं म्हणून. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोंपर्यंत भरणारा हा पक्षी आपल्या माळांवर रुबाबात चालायचा. सालिम अलींचं म्हणणं होतं की भारताचा राष्ट्रीय पक्षी हाच असावा. १९६३ मध्ये मान मोराला गेला. इंग्रजीतलं माळढोकाचं नाव लिहिताना-बोलताना एक अक्षर चुकलं तर शिवी होते, हेही त्यामागे होतं असं सांगतात. माळढोक म्हटलं असतं तर अडचण आली नसती, पण दिल्लीत कोण विचारतो? आज नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. माळ नांगरले गेले, कुत्री वाढली, आणि वर विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगाने ऐनवेळी वळता येत नाही.

म्हणून २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरजवळ, सम इथे, रानातली अंडी आणून यंत्रात उबवायला सुरुवात झाली. पिल्लं हाताने भरवून वाढवली, आणि आता ती पन्नासच्या वर गेली आहेत. २०२४ मध्ये पुढची पायरी आली. रामदेवऱ्याच्या केंद्रातला सुदा नावाचा नर. त्याच्यासमोर मादीचा एक पुतळा ठेवून, रोज थोडं थोडं करून, त्याला त्या पुतळ्याशी सलगी करायला शिकवलं. हे शिकवायला माणसं बसली होती. वाळवंटात, उन्हात, एका पक्ष्याने एका बाहुलीला पसंत करावं म्हणून. मग त्याचं बीज गाडीने सुदासरीच्या केंद्रात नेलं, टोनी नावाच्या मादीसाठी. ऑक्टोबरात पिल्लू झालं. कृत्रिम रेतनातून झालेलं माळढोकाचं ते पहिलं.

हे मी मावशीला फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "तुझ्या काकांचं स्थळ आलं तेव्हा एवढी खटपट कोणी केली नव्हती." आणि थोड्या वेळाने, "पिल्लू खातंय ना?"

खातंय, म्हटलं.

विल्यमला मी विसरलेलो नाही. फोर्टमध्ये लायन गेटसमोर सोसायटीच्या हॉर्नबिल हाऊसवरून गेलात तर तिचं बोधचिन्ह बघा, १९३३ मध्ये केलेलं. त्यावरचा धनेश म्हणजे विल्यमच. आणि तिथून पुढे भायखळ्याला गेलात, राणीच्या बागेत शिरलात, तर पेंग्विनांच्या काचेपाशी गर्दीत जरा तग धरा. बादलीवाला येईपर्यंत थांबा. तो आला की सगळे पेंग्विनांकडे बघतील, तुम्ही त्याच्याकडे बघा. मासळी संपवून दाराकडे परत जाताना तो डुलतो का आणि ते नुसतं बुटांमुळेच का, हे मला कळवा. मावशीशी माझी पैज लागली आहे.